मेंढरांचा वैरी कोण?

(कारेगाव येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृहे व वधूवर या विषयांवर नेहमीच बोलले जाते. आज आम्ही मेंढवाड्यासंबंधी चार शब्द बोलणार आहो. कारण धनगर समाजातील पुष्कळ घरांची चूल अद्याप मेंढरांवरच पेटते.

गतवर्षी दिवाळीनंतर आमच्या भावकीतील एक वाडा याच तालुक्यात एका शेतात बसला होता. पहाटे पाहतो तो वाघर फाटलेली आणि अकरा मेंढरे मरून पडलेली. सर्वांच्या तोंडी एकच नाव आले, लांडगा! तरुणांनी मेलेल्या मेंढीत विष घालण्याची तयारी केली. तेवढ्यात एका वृद्ध मेंढक्याने ती मेंढरे उलथून पाहिली. मागच्या तंगड्या व कुशी ठिकठिकाणी फाडलेल्या होत्या, मांस मात्र फारसे खाल्लेले नव्हते. ते म्हणाले, "लांडगा पोटासाठी येतो, बहुधा एखादे उचलतो नि जातो. हे काम कुत्र्यांचे आहे." दोन रात्री जागल्यावर मोकाट कुत्र्यांची टोळी आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली.

हे कुत्रे आले कोठून? रांजणगावची औद्योगिक वसाहत कारेगावाच्या अंगणात उभी राहिली. माणसे आली, खानावळी आल्या, त्यांबरोबर उकिरडेही आले. उष्ट्यावर व उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्र्यांची संख्या वाढली. दोष केवळ परक्यांचा नाही. मेलेले मेंढरू ओढ्यात फेकणारे आपणही आहोतच.

लांडग्याची गोष्ट निराळी आहे. इंग्रजी अमदानीत त्याला मारणाऱ्यास सरकार बक्षीस देई. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले असून त्याची हत्या हा गंभीर गुन्हा आहे. शिरूर, दौंड, बारामतीची माळराने त्याचे घर, आणि तीच आपली चराई. माळ नांगरले गेले, त्यांवर कारखाने उठले, म्हणजे तो आणि आपण एकदमच बेघर होतो. पुण्याजवळच्या माळावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचेही जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. कुत्र्यांचे रोगही लांडग्यास लागतात. म्हणजे मोकाट कुत्रा हा दोघांचाही शत्रू ठरला आहे.

विष हा यावरील उपाय नव्हे. विष लांडगा, कुत्रा, घार असा भेद जाणत नाही. आपल्या वाड्याचा राखणदार कुत्राही त्यात जातो. मग करावे काय?

पहिली गोष्ट, लांडग्याने मेंढरू मारल्यास वनखात्याकडून भरपाई मिळू शकते. त्याकरिता मेलेले जनावर न हलविता तत्काळ वनरक्षकास कळवावे व पंचनामा करून घ्यावा. कुत्र्यांच्या हानीस ही भरपाई नाही, म्हणून लांडग्याचे नाव पुढे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोट्या पंचनाम्याने खरा नुकसानग्रस्तही संशयास पात्र होतो.

दुसरी गोष्ट, कुत्र्यांचे निर्बीजीकरण व रेबीजची लस ही २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ग्रामसभेत उभे राहून ती मागावी, उकिरड्याचा बंदोबस्तही मागावा.

तिसरी आपल्या हातातली. मेलेले मेंढरू खोल पुरावे. मेंढीचे कच्चे मुंडके व आतडी कुत्र्यास घालू नयेत. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, आणि मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होऊन ती एकाच जागी गोल फिरू लागते. वाड्यावरच्या कुत्र्यास जंतांचे औषध व रेबीजची लस वेळेवर द्यावी.

चौथी माणसांची. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुन्यावर विसंबू नये. रेबीज एकदा उमटला म्हणजे त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

खंडेरायाच्या पायाशी कुत्रा आहे. त्याला पाळण्याचा मान आपला, तसा त्याला मोकाट होऊ न देण्याचा भारही आपलाच. जुनी माणसे कळपात लांडग्याचाही वाटा धरीत असत. तेवढे मोठे मन आज परवडत नसेल, तरी ज्याने अपराध केला नाही त्याला शिक्षा देऊ नये, इतका न्याय आपल्या वाड्यावर नांदावा, एवढीच आमची विनंती आहे.

जय मल्हार!