सोय बंद करण्याआधी सांगा

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. एरवी मी इथं बचतीबद्दल, कर्जाबद्दल बोलते. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक मोबाईलमधली होती, पण फटका पेरणीला बसला.

2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गटाच्या बैठका थांबल्या. बचत मात्र थांबवायची नव्हती. कुणी सचिवांच्या दारात पैसे नेऊन द्यायची, कुणी पोराकरवी पाठवायची. हिशेब सगळ्यांना कळावा म्हणून मी दर महिन्याच्या 5 तारखेला वही समोर घेऊन बसायची आणि व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप टाकायची. एकेकीचं नाव घ्यायचं, बचत किती आली, हप्ता आला का, बाकी किती राहिली. अकरा जणींचा गट, चार मिनिटांत निरोप पुरा. बैठकीत मोठ्यानं वाचतो तेच फोनवर वाचायचं. पुढं बैठका सुरू झाल्या तरी निरोप चालूच राहिला.

मागच्या वर्षी हिशेबाचं नवं ॲप हातात आलं. नोंद केली की सभासदाच्या फोनवर आपोआप मेसेज जातो. मी म्हटलं, सुटले बाई! फेब्रुवारीचा निरोप शेवटचा ठरला. कुणाला काही सांगितलं नाही. निरोपाला कधी कुणाचं उत्तर यायचं नाही, साधा अंगठासुद्धा नाही. मी धरून चालले की कुणी ऐकतच नाही.

जूनमध्ये गटाच्या कर्जाची फाईल बँकेत न्यायची होती. परतफेड तपासली तर एका मावशींचे तीन हप्ते थकलेले. पाच वर्षांत एकदाही न चुकलेली बाई! गुडघ्यांमुळे त्या बैठकीला येत नव्हत्या, पैसे नातवाकडे द्यायच्या. सचिवांना वाटलं, अडचणीत असतील, कसं विचारायचं. मला ॲपमध्ये लाल खूण दिसत होती, ते खोटं सांगणार नाही. पण पुढच्या आठवड्यात बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत तीन महिने गेले.

शेवटी घरी गेले. मावशींनी डब्यातून तिन्ही हप्ते काढून पुढ्यात ठेवले. एक रुपया मोडला नव्हता. म्हणाल्या, “अगं, तुझा आवाज बंद झाला. मला वाटलं तुझी बदली झाली. माझं नाव कुणी वाचंना, म्हंजी वहीत नाव ऱ्हायलंय का न्हाई, मला काय ठावं? मग पैसं कुणाच्या हवाली करायचं?”

मावशींना वाचता येत नाही. पाच वर्षं माझा आवाज हीच त्यांची पावती होती. सुनेच्या फोनवर लावून त्या दर महिन्याला ऐकायच्या. ॲपचा मेसेज जात होता तो पुण्यातल्या मुलाच्या नंबरावर, आणि तोही इंग्रजीत.

थकलेले हप्ते भरले, नोंदी झाल्या, फाईल पुन्हा बँकेत गेली, तोवर पाऊस होऊन गेला होता. आमच्यातल्या दोघींना सोयाबीनचं बी उधारीवर उचलावं लागलं, आणि उधारीचा भाव काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करते आहे. फोनमधली, बँकेतली, ॲपमधली जुनी सोय कधीतरी बंद होणारच. त्याबद्दल भांडण नाही. वापरात नसलेली खोली असली तरी तिचं छप्पर गळतं आणि दरवर्षी शाकारावं लागतं. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. जुनी सोय ठेवायची तर तिची डागडुजी करत राहावी लागते, नाहीतर चोराला तिथूनच वाट मिळते.

कधी कधी तर सोय बंद करणंच बरं असतं. फोनवरून पैसे देण्याच्या यूपीआयमध्ये एक सोय होती. आपण दुसऱ्याला “मला इतके पैसे पाठव” अशी मागणी पाठवायची, त्यानं पिन टाकला की पैसे आपल्याकडे. लबाडांनी ती उचलली. “तुम्हाला पैसे आलेत, घेण्यासाठी पिन टाका” असं सांगायचे, आणि पिन टाकला की आपलेच पैसे जायचे. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका माणसानं दुसऱ्या माणसाकडे अशी मागणी पाठवणं बंद झालं. ते ठरल्याचं बँकांना जुलैअखेरीलाच कळवलं होतं. त्या बंदीत दुकानदारांची मागणी नव्हती, म्हणून एवढं पक्कं ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

तर बंद करण्याला माझी हरकत नाही, आधी सांगितलं पाहिजे एवढंच. माझं माहेर पलूसकडचं, कृष्णाकाठचं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरलेली आहे. लहानपणी मला वाटायचं, दोन आकडे कशाला? एकच पुरे की. मग कळलं, त्या मधल्या पाच फुटांतच दावणीची जनावरं सोडायची असतात, धान्याची पोती वर चढवायची असतात, म्हाताऱ्या माणसांना हलवायचं असतं. कोयनेचे दरवाजे उघडायच्या आधी नदीकाठच्या गावांना निरोप जातो तो त्यासाठीच. मी मावशींना ते पाच फूट दिलेच नव्हते.

मोठ्या ठिकाणी हे कधी नीट होतं. मागं काळी पट्टी असलेली एटीएम कार्डं आठवतात? ती जाऊन चिपची कार्डं आणायची असं रिझर्व्ह बँकेनं 2015 मध्ये सांगितलं आणि जुनी बदलायला 31 डिसेंबर 2018 पर्यंतची मुदत दिली. तीन वर्षांहून जास्त. चार आण्याचं नाणंही 30 जून 2011 ला गेलं ते तारीख सांगून, बँकेत बदलून घ्यायला वेळ देऊन. जिओच्या बटणांच्या फोनवर 2018 मध्ये व्हॉट्सॲप आलं होतं. ते 25 जून 2024 पासून नव्यानं उतरवून घेता येईना, पण ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचं 2025 च्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवलं.

आणि कधी अजिबात नीट होत नाही. एका कार्यालयातून आम्हाला शनिवारी संध्याकाळी मेसेज आला होता, सोमवारपासून जुनं ॲप चालणार नाही, नवं वापरा. रविवारी बसून कोण शिकवणार होतं? आणि जुन्या ॲपमधल्या नोंदींचं काय? नव्यात फक्त शेवटची बाकी आली, मागचे व्यवहार आलेच नाहीत. आमच्या एका गटानं वही रद्दीत घातली नव्हती म्हणून निभावलं. लेखे नियमित लिहा, असं दशसूत्रीत आपण म्हणतो ना? लिहिलेली वही जपूनही ठेवा. ॲप बदलणार असं कानावर आलं की आधी जुन्या हिशेबाचे फोटो काढा, आणि सांगणाऱ्याला विचारा की तारीख कोणती, बदल्यात काय मिळणार, मागच्या नोंदी कुठं दिसतील आणि शिकवायला गावात कोण येणार. विचारायला लाजू नका.

इशारा द्यायचा कुठं, हेही मी उशिरा शिकले. कार्यालयाच्या फळ्यावर कागद लावला की आपलं काम झालं असं वाटतं. मावशी फळ्यापाशी कधी येणार? ज्या जागी बाई ती सोय वापरते, तिथंच तिला ते कळलं पाहिजे. म्हणून जुलैमध्ये मी निरोप परत सुरू केला आणि दिवाळीपासून निरोपाच्या सुरुवातीलाच सांगायला लागले की हा निरोप मार्चमध्ये बंद होणार आहे. त्याऐवजी बैठकीत पासबुकात नोंद होईल, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी सचिव जाऊन वाचून दाखवतील. मावशींच्या खात्याला आता सुनेचा नंबर आहे.

हे सांगायला लागल्यावर काय झालं असेल? ज्या निरोपाला पाच वर्षांत एक उत्तर आलं नव्हतं, त्याला चार फोन आले. एक बाई डोळ्यांना कमी दिसतं म्हणून ऐकायची. एक फक्त आपलं नाव येईपर्यंत ऐकायची, पुढचं नाही. एकीचा नवरा मुंबईला असतो, तो तिथं बसून ऐकायचा आणि घरी फोन करून विचारायचा, या महिन्यात बचत कमी का? ती म्हणाली, “ताई, ह्यो निरोप लवकर बंद करा बघा.” खूप हसलो आम्ही. पण हे चौघे माझ्या हिशेबात कुठंच नव्हते, कारण ऐकणारं माणूस फोनमध्ये खूण सोडतंच असं नाही.

मावशींनाही विचारलं, चालेल का बंद केलेलं? म्हणाल्या, “कर की. आता सांगितलंस न्हवं.”

तर 5 मार्चचा निरोप शेवटचा. दहा जणींशी बोलणं झालं आहे. आमच्या गटातली एक जण बाळंतपणासाठी जतला माहेरी गेली आहे, तिचा फोन लागत नाही. ती कुठून ऐकत असेल, किंवा तिच्या घरचं कुणी ऐकत असेल, तर सचिवांना एक फोन करा. तिची बचत जमा आहे, नोंदही झाली आहे.