धंदा आठ महिने, हप्ता बारा महिने
(प्रभागसंघाच्या बैठकीतलं बोलणं)



आपल्या नांदेड-लातूरला समुद्र नाही, तरी आज बोटीच्या धंद्याचं बोलते. सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीला लोक सकाळी बोटीनं डॉल्फिन बघायला जातात. डॉल्फिन म्हणजे मासा नव्हे, देवमाशाच्या गोतातला प्राणी. श्वास घ्यायला वर आला की दिसतो. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बाया स्वतः वल्हं मारून पर्यटकांना कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडी, दाखवतात.

पण पावसाळा लागला की समुद्र खवळतो. डॉल्फिनच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. कमाई थांबते, चूल थांबत नाही.

आपलंही तसंच आहे. माळेगावची यात्रा काही दिवसांची, पापड-कुरडया उन्हाळ्यापुरत्या. हप्ता मात्र दर महिन्याला. बंद महिन्यात तो चुकला की बाई खासगी फायनान्सच्या दारात जाते, आणि एका कर्जाची दोन होतात.

म्हणून हिशोब असा करा. समजा, आठ महिन्यांत खर्च जाऊन ४८,००० रुपये उरले. महिन्याला ६,००० मिळाले असं धरू नका. बारानं भागा; ४,००० येतात. दर महिन्याला २,००० बाजूला ठेवले तर १६,००० जमतात. बंद चार महिन्यांना तेवढे पुरतात.

पुढच्या बैठकीत कर्ज मागण्याआधी वहीत दोन रकाने आखा: चालू महिने, बंद महिने. हप्ता किती आणि कधी, ते त्यावरून सगळ्या मिळून ठरवा.