यंत्रांत चढलेला शब्द
(वडनेर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलावें असें आपल्यापैकीं पुष्कळांनीं सुचविलें होतें. कापसाचा भाव पडला म्हणजे तो हिंगणघाटच्या बाजारांत त्याच दिवशीं कळतो. एका शब्दानें माणसाचा भाव पडतो तो वर्षानुवर्षें कळत नाहीं, म्हणून मी त्यावर बोलणार आहें.

आपला वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांत दुकान उघडें, आणि तीच बाटली अलीकडे पिशवींत सांपडली तर गुन्हा. धाड पडते, कोणी पकडला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत येतें, ‘अट्टल दारूविक्रेता गजाआड’. अहो, तो अजून कोर्टापुढें उभाही राहिला नाहीं, मग अट्टल केव्हां झाला? ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, आणि आरोप शाबीत झाला तो दोषी. या दोन शब्दांच्या मध्यें सगळें कोर्ट बसलेलें आहे.

कोणी म्हणेल, शब्दाचा एवढा बाऊ कशाला? पूर्वीं तो शब्द ठाण्याच्या फडताळांत एका वहींत पडून राही. आतां तसें नाहीं. २००९ सालीं केंद्र सरकारनें देशांतलीं पोलीस ठाणीं संगणकानें जोडण्याची योजना मंजूर केली, तिला सीसीटीएनएस म्हणतात. नांवाचा अर्थ, गुन्हे व गुन्हेगार यांचा माग काढणारें जाळें. त्या जाळ्यांत नुसता आरोप असलेलाही येतो; नांवांत मात्र शब्द एकच, गुन्हेगार. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें नागपुरास ‘मार्वल’ नांवाची कंपनी काढली, पोलिसांना कृत्रिम बुद्धीचीं साधनें पुरविण्याकरितां. २०२२ च्या कायद्यानें अटक झालेल्याच्या बोटांचे ठसे, तळहात, डोळ्यांचीं बुबुळें टिपून ती नोंद ७५ वर्षें ठेवतां येते. कायदा याला मोजमाप म्हणतो! शिंपी मोजमाप घेतो तें सदरा शिवण्यापुरतें. हें मोजमाप नातवाच्या लग्नापर्यंत टिकायचें. पूर्वीं शिक्षा न झालेला माणूस सर्व अपिलें संपून निर्दोष सुटला तर, कोर्टानें उलट हुकूम केला नसल्यास, ती नोंद नष्ट करावी असें त्याच कायद्यांत आहे. पण तो सुटला हें आधीं कोणीतरी लिहावें लागतें, आणि त्याची घाई कोणास असते?

माझ्या ओळखीच्या एका सुताराच्या मुलास नोकरीकरितां चारित्र्याचा दाखला हवा होता. दारूच्या एका जुन्या खटल्यांत त्याचें नांव आलें होतें आणि कोर्टानें त्यास सोडलें होतें. खिडकीवरच्या माणसानें पडद्याकडे पाहून विचारलें, “तूं तो दारूवाला ना रे?” निकालाची नक्कल आणायला पोराच्या तीन फेऱ्या झाल्या. दाखला हातीं आला तोंवर जागा भरली होती.

हें दुखणें नवें नाहीं. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून जातींच्या जाती गुन्हेगार ठरविल्या. पाळण्यांतलें पोरही त्यांतून सुटलें नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला आणि हे लोक विमुक्त म्हणविले गेले. पण पुढें ठिकठिकाणीं सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि चोरी कोठेंही झाली तरी शोध पारध्यांच्या बेड्यावरून सुरू होतो हें आपण पाहतों. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुप्रीम कोर्टानें कैद्यांच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम केला. रकाना निघेल, पण यंत्र जुन्याच वह्या वाचून शिकलें तर? ज्या वस्तीवर शंभर धाडी पडल्या ती वस्ती धोक्याची, असें तें सांगणार. त्यानें धाडी मोजल्या, आणि आपण समजणार गुन्हे मोजले.

मोठ्यांच्या पेल्याला मात्र शब्द मऊ मिळतो. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें सुपरमार्केटांत वाईन विकण्यास मान्यता दिली, तेव्हां ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असें आपणांस शिकविण्यांत आलें. एक आंबविलेली, दुसरी गाळलेली, हा फरक मी नाकारीत नाहीं. पण नशा दोहोंत मद्यार्काचीच, आणि मोहाची गाळणारी बाई मात्र जन्माची ‘दारूवाली’.

गांजाचें तर शब्दावरच सारें आहे. १९८५ च्या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसतीं पानें त्यांत येत नाहींत. एक किलोपर्यंत सांपडला तर शिक्षा वर्षाच्या आंत; वीस किलोच्या वर गेला तर दहा ते वीस वर्षें. म्हणजे पंचनाम्यांत ‘गांजा’ लिहिलें कीं ‘पाला व देठांसह झाड’ लिहिलें, यावर एखाद्याचें अर्धें आयुष्य टांगलेलें. आणि ज्यास आपण नशेडी म्हणून हाकलतों, तो आपण होऊन उपचारास गेला तर थोड्या मालाच्या गुन्ह्यांत त्यास खटल्यापासून मोकळीक देण्याची सोय त्याच कायद्यांत आहे.

आतां आपल्या तोंडचे शब्द. मी स्वतः दारूबंदीचा माणूस, तेव्हां हें मलाच सांगितलें पाहिजे. शेजारच्या चंद्रपुरांत २०१५ सालीं बंदी झाली व २०२१ सालीं उठली. एक पक्ष म्हणतो ‘बंदी फसली’, आमचा पक्ष म्हणतो ‘सरकारनें दारू पाजली’. दोन्ही मतें आहेत, बातमी नव्हे. विक्री केव्हां बंद झाली, परवाने केव्हां पुन्हां सुरू झाले, हें आधीं सांगावें आणि मग खुशाल भांडावें. पोलिसांच्या प्रत्येक यंत्राला हेरगिरी म्हणणेंही तसेंच. हरवलेलें पोर त्याच जाळ्यानें सांपडूं शकतें. यंत्र काय टिपतें, कोण पाहतो, किती वर्षें ठेवतो, एवढें विचारलें तर उत्तर द्यावें लागतें. शिवी दिली तर उत्तर देण्याची गरजच उरत नाहीं.

पंच म्हणून सही करणाऱ्यांनीं कागद आधीं मोठ्यानें वाचून घ्यावा. ज्यांचे खटले सुटले आहेत त्यांनीं निकालाची नक्कल ठाण्यांत देऊन पोंच घ्यावी. येत्या रविवारीं सकाळीं मी पारावर बसणार आहें. अर्ज लिहून हवा असेल त्यानें कागद घेऊन यावें, लाजूं नये.