वारा कुठून, सांबर कुठून

चुलीपुढे असाल, गोठ्यात असाल, नाहीतर रानातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल, तिथूनच ऐका. आज आम्ही बचत, हप्ते, व्याज यातलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचंय वाऱ्याबद्दल, डोंगराबद्दल आणि आपल्या शेतात उतरणाऱ्या सांबराबद्दल.

आमचा गट कोयनेच्या खोऱ्यातला. वर कडा, कड्याखाली झाडीचा पदर, पदराखाली आमची नाचणी-वरीची शेतं आणि त्याखाली वाडी. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं. पुढे २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे रान जवळ, आणि रानातली जनावरंही जवळ.

गेल्या वर्षी गटानं खंडानं शेत घेऊन नाचणी केली. कणसं भरली आणि कार्तिकात एका रात्रीत वरचा कोपरा सांबरांनी साफ केला. खाल्लं त्याहून जास्त तुडवलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत घरच्या माणसांचा निरोप आला, "तारेत करंट सोडा, एका रात्रीत बंदोबस्त होईल." आम्ही गप्प झालो. मग आमच्यातलीच एक म्हणाली, "पहाटे त्या बांधावरनं शेण घेऊन मीच जाते. करंट बंद केलाय का चालू आहे, हे मला कोण सांगणार?"

तिथंच तो विषय थांबला. पण नाचणी कशी राखायची, हा प्रश्न तसाच होता.

तेव्हा गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. त्यांचे सासरे जुन्या काळी हाक्याला जायचे. आता शिकारीला बंदी आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. पण त्या माणसांना रान वाचता यायचं. आजी म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही शेकोटी खालच्या बांधाला पेटवताय. धूर कुठं जातोय ते बघितलंय का कधी? सगळा वाडीत येतोय. सांबर बसलंय वर. त्याला काय कळणार तुम्ही राखणीला आलाय ते?"

त्या संध्याकाळी आम्ही चुलीतली राख मुठीत घेऊन शेतात गेलो. चिमूटभर राख सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. दुपारी, सकाळी आणि अंधार पडल्यावर, असं आठ दिवस केलं. जे दिसलं ते सांगतो.

ऊन वर आलं की डोंगराचा उतार तापतो. तापलेली हवा हलकी होते आणि उताराला धरून वर चढते. म्हणून दिवसा राख वर जाते. दिवस मावळला की उतार निवतो. गार हवा जड होते आणि पाण्यासारखी खाली उतरते. जिथून ओढ्याचं पाणी वाहतं, त्याच घळीतून ती जास्त येते. म्हणून रात्री राख खाली येते. मोठा वारा सुटला असेल किंवा पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असेल, तर हे गणित मोडतं. पण कार्तिकातल्या निरभ्र, शांत रात्री ते बहुतेक जमतं.

आता सांबराकडे बघू. सांबराचं नाक आणि कान फार तिखट. दिवसा ते पदरातल्या दाट झाडीत उंचावर बसतं. का? खालून चढणारी हवा वाडीचा, कुत्र्याचा, माणसाचा वास त्याच्या नाकापर्यंत पोचवते. बसल्या जागी त्याला सगळ्या खोऱ्याची खबर मिळते. रात्री ते चरायला खाली निघतं, तेव्हा हवाही त्याच्या पाठीमागून खाली येत असते. पुढं काय आहे ते त्याला नाकानं कळत नाही. म्हणूनच ते झाडीच्या कडेला बराच वेळ उभं राहतं, कान टवकारतं, आणि मगच उघड्यावर येतं.

यातून आम्हाला दोन गोष्टी उमगल्या. एक, रात्री खालच्या अंगाला बसून आपल्या वासाचा किंवा धुराचा काही उपयोग नाही. तिथं आवाज आणि उजेडच हवा. दुसरी, सांबर कुठूनही येत नाही. जनावरालाही चढ-उताराचा त्रास असतो. ते सोपी वाट धरतं, खिंडीतून, सोंडेवरून, नाहीतर घळीच्या कडेनं. आमच्या शेतावर ठसे शोधले तर जवळजवळ सगळे एकाच घळीच्या तोंडाशी निघाले.

मग आम्ही राखणीचा माळा खालच्या बांधावरून उचलला आणि वरच्या कोपऱ्यात, घळीच्या तोंडाजवळ बांधला. तिथली झुडपं दहा-बारा हात मागं साफ केली, म्हणजे जनावराला अगदी पिकाशी येईपर्यंत आडोसा मिळू नये. दोरीला रिकामे डबे बांधले. एका रात्रीला दोघी, आणि सोबत घरचं एक माणूस, अशी पाळी लावली. काट्यांचं कुंपण सगळ्या शेताला घालायचं बळ नव्हतं, ते फक्त त्या तोंडाशी दाट केलं.

सगळी नाचणी वाचली असं आम्ही म्हणणार नाही. दोन रात्री धुकं होतं, तेव्हा डोळ्याला डोळा दिसेना आणि सांबरं आत शिरली. डब्यांच्या आवाजालाही जनावर सरावतं, म्हणून डबे दर दोन दिवसांनी हलवावे लागले. पण कणसं घरात आली. करंट लागला नाही, आणि आमच्यातल्या कोणाचाही जीव टांगणीला लागला नाही.

मैत्रिणींनो, हेच वाऱ्याचं गणित सरपणाला जाताना आपला जीव राखतं. अगदी पहाटे डोंगर चढलात तर हवा अजून वरून खाली येत असते. तुमचा वास तुमच्या मागं जातो, आणि वळणावर गवा किंवा अस्वल अचानक समोर उभं राहतं. अस्वलाला दिसतं कमी, ते वासावर चालतं. त्याला तुमची चाहूल लागली नाही तर ते बिथरतं आणि अंगावर येतं. म्हणून ऊन चांगलं वर आल्यावर निघा. तेव्हा वास तुमच्या पुढं वर चढतो आणि जनावर आधीच बाजूला होतं. एकटीनं जाऊ नका, मोठ्यानं बोलत जा. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी घळीत शिरू नका. तिथं वारा गोल फिरतो, वास कळत नाही, आवाजही कळत नाही, ना जनावराला ना आपल्याला.

आणि कान उघडे ठेवा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. एकाच जागेवरून ते सारखं भुंकत राहिलं, किंवा सांबरानं पाय आपटून खणखणीत हाळी दिली, तर तिथं बिबट्या असू शकतो. कधी ते आपल्यालाच बघून ओरडतं. पण खात्री करायला पुढं जाऊ नका. मागं फिरा. एका दिवसाचं सरपण उद्याही मिळेल.

शेवटी एक विनंती. नुकसान झालं तर चिडून फास लावू नका, तारेत करंट सोडू नका. फासात भेकर अडकतं तशी आपली शेळीही अडकते. नुकसान झालेलं पीक तसंच ठेवा, फोटो काढा, आणि उशीर न करता वनरक्षकाला कळवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. भरपाईचा अर्ज एकटीला जड जातो, गटानं मिळून भरला की सोपा होतो. आम्ही तसाच भरला.

आज रात्री जेवणं झाली की अंगणात या. चिमूटभर राख सोडा आणि ती कुठं जाते ते बघा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. आपला वारा आपल्याला कळला, तर निम्मी राखण झालीच म्हणायची.

रामराम.