मुलाला ऐकू येणारी हाक

उरवड्याच्या शाळेत सातवीतील एखादा मुलगा म्हणू लागला, की जवळ कोणी नसताना आपल्याला हाक ऐकू येते, तर वर्ग हसेल आणि घरचे त्यास देवऋषीकडे नेतील. या दोहोंच्या मध्ये शिक्षक उभा असतो.

असा अनुभव म्हणजे वेड नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासात ९ ते १२ वर्षांच्या सुमारे १७ टक्के, तर १३ ते १८ वर्षांच्या सुमारे साडेसात टक्के मुलांत तो आढळला. बहुतेकांच्या बाबतीत तो आपोआप मावळतो. घरचा मार, सवंगड्यांचा छळ, अपुरी झोप आणि गांजा यांचा मात्र त्याशी निकटचा संबंध दिसतो. (गांजाचे नाव शाळेत काढावे लागावे, हे दुर्दैवच.) उलट, मन मोकळे करता येईल असे एक वडीलधारे माणूस लाभले, तर मुलास मोठा आधार होतो, ते माणूस पुष्कळदा शिक्षकच असते. म्हणून मुलाचे म्हणणे एकांतात, न हसता ऐकून घ्यावे. हाक थांबेना, मूल अबोल झाले, अथवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर पालकांस विश्वासात घेऊन त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, तोही मराठीतून.