उसाचं बिल आणि जूनचा महिना



कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला आहे 'कौटुंबिक अंदाजपत्रक आणि कर्जफेड'. संयोजकांची अपेक्षा अशी दिसते, की खर्च कसा आटोक्यात ठेवावा याच्या चार युक्त्या मी सांगाव्यात. त्या मी सांगणार नाही. काटकसरीत माझे कान कापतील अशा बायका पहिल्या तीन रांगांत बसल्या आहेत. मी एकच म्हणणं घेऊन आले आहे आणि तासभर तेच लावून धरणार आहे: सातारा-सांगलीकडच्या घरांचं कर्ज बहुतेक वेळा उधळपट्टीतून होत नाही, तारखा न जुळल्यामुळे होतं. पैसा त्याच्या तारखेला येतो, खर्च त्याच्या तारखेला दारात उभा राहतो, आणि मधल्या दिवसांची किंमत आपण व्याज म्हणून मोजतो. हे पटलं तर अंदाजपत्रक मांडायची रीत बदलते आणि कर्ज फेडायचा क्रमही बदलतो.

सोसायटी, कारखाना, पहिली उचल, हे इथं समजावून सांगायला नको. नुसता हिशेब करू. आडसाली ऊस घ्या. लावण जुलै-ऑगस्टात, तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. एकरी ४० टन आणि टनाला हातात ३,००० रुपये धरू. (मागून कुणीतरी साठ टन म्हणतंय. त्यांचं अभिनंदन, पण हिशेब चाळीसचाच ठेवू. हशा.) एकूण १,२०,००० रुपये. आकडा ऐकायला बरा आहे. तोच १६ महिन्यांवर पसरा: महिन्याला ७,५००. त्यातून बेणं, खत, मशागत आणि पाणीपट्टी वजा करायची आहे, आणि सोसायटीची बाकी तर बिलातून परस्परच कापली जाते. म्हणजे ज्या घराला आपण 'बागायतदार' म्हणतो, त्याच्या एका एकराची महिन्याची मिळकत एवढी. पण ही ७,५००ची रक्कम त्या घराला कुठल्याच महिन्यात दिसत नाही. दिसतं ते एकदम आलेलं लाखाचं बिल, आणि त्याआधीचे कोरडे महिने. तारखेला किंमत असते हे कायद्यालाही कळतं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ते व्याज पदरात पडतं का, हा आजचा विषय नाही. माझा मुद्दा इतकाच, की सरकार आणि किराणा दुकानदार दोघेही दिवस मोजतात, आणि आपल्या घरातल्या वहीत तारखेचा रकानाच नसतो.

बाजारात मिळणारी अंदाजपत्रकाची पुस्तकं सांगतात: मिळकतीतला निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हा नियम एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी केलेला आहे. घरात एखादा मास्तर किंवा एस.टी.चा कंडक्टर असेल तर त्याने तो जरूर पाळावा. त्याला तसंही सगळ्या भावकीचं जामीन राहायचं असतं. (हशा.) बाकीच्यांच्या घरात तीन निरनिराळी कॅलेंडरं टांगलेली असतात. दुधाचं बिल दहा दिवसांचं. उसाचं वर्षा-दीड वर्षाचं. आणि विटा, खानापूर, आटपाडीकडच्या घरांत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यावर परमुलखात गेलेला माणूस यात्रेला किंवा दिवाळीला घरी येतो, त्याच्या तारखेचं तिसरं. आता जून बघा. शाळा उघडते, वह्या-पुस्तकं, फी, गणवेश. खरिपाचं बियाणं आणि खत. पावसाच्या तोंडावर पत्रे बदलायचे. आणि नेमका गाळप हंगाम तेव्हा संपलेला, बिल मे महिन्यातल्या लग्नात गेलेलं. घरोघरचं महिन्याला शेकडा पाचाचं कर्ज बघा, त्याचा जन्म बहुधा जूनमधला निघेल.

'मे महिन्यातल्या लग्नात' म्हटल्यावर सभागृहात चुळबूळ झाली. बरोबर आहे, पहिला आक्षेप हाच असतो: बाई, तारखांचं काय घेऊन बसलात, लोक लग्नात बुडतात. हा आक्षेप दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे, म्हणून थोडं मागं जाते. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, वह्या आणि रोखे जाळले. दंगे पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून पुढे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूरही होते. सांगली, मिरज, जत ही संस्थानं वेगळी. म्हणजे इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या पणजोबांच्या कर्जाबद्दल मी बोलते आहे. तेव्हाचे साहेब लोक आणि आपले सुशिक्षितही हेच म्हणत होते, की कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात पडतो. आयोगाने हिशेब तपासले आणि निष्कर्ष काढला, की लग्नाच्या खर्चाला नको इतकं महत्त्व दिलं गेलं आहे. असा प्रसंग क्वचित येतो. तो कर्जाच्या खात्यात दिसतो, पण कर्जाचं मूळ सहसा तिथं नसतं. रयतेचं कर्ज फुगतं ते वारंवार घ्याव्या लागणाऱ्या लहानसहान रकमांनी: धान्य, बियाणं, बैल, सरकारचा सारा. ही यादी पुन्हा एकदा मनात वाचा. बैलाच्या जागी ट्रॅक्टरचं भाडं घाला, साऱ्याच्या जागी शाळेची फी, की १८७५चं खातं आजचं होतं. आणि हे लिहिणारा आयोग काही रयतेचा कैवारी नव्हता. सरकारनेच नेमलेला होता. त्याच्या लेखी लग्न निर्दोष सुटत असेल, तर आपण वऱ्हाड्यांवर किती दिवस खापर फोडणार?

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर मंडप, डीजे, लग्नाआधीचं फोटोशूट हे आयोगाने पाहिलं नव्हतं. लग्नाचा खर्च वाढला आहे, हे मान्य. तरी माझं म्हणणं ढळत नाही. लग्न जूनचे पैसे खातं, आणि जून मग खाजगी सावकाराकडे जातो. लग्नाची तारीख धरण्याआधी जूनची रक्कम बाजूला काढून ठेवली, तर त्याच घरात तेच लग्न कर्जाविना पार पडू शकतं. दोन आचारी कमी करा असं मी सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही. जून आधी बाजूला काढा म्हटलं तर कदाचित ऐकाल.

तारखेचा सगळ्यात महागडा खेळ मात्र मार्चअखेर चालतो. पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. चांगली योजना आहे. पण ३१ मार्चला हातात रोकड नसते, म्हणून मग नवं-जुनं. पंधरा दिवस ते महिनाभरासाठी बाहेरून पैसे उचलायचे, सोसायटी भरायची, नवं कर्ज मंजूर झालं की बाहेरचे भागवायचे. तीन लाखांना शेकडा तीनने एक महिना धरला तर ९,००० रुपये. बिनव्याजी कर्ज घ्यायला नऊ हजार व्याज! आणि हे शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. राज्याच्या २०१४च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर ९ आणि विनातारण १२ टक्केच घेता येतात. शेतीबाहेरच्या कर्जाला १५ आणि १८. परवाना नसलेल्याला तर हा धंदाच करता येत नाही. हे आकडे घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

मग करायचं काय? मला जे सुचवायचं आहे ते तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या बाजारात दरवर्षी घडतं. बेदाण्याचा व्यवहार उधारीवर चालतो. पण वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमाराला, सौदे बंद ठेवतात आणि मागची देणी-घेणी मिटवतात. त्याला तिथं 'शून्य पेमेंट' म्हणतात. बाकी शून्यावर आणायची आणि मग पुन्हा सौदे. व्यापारी हे कुणा संताच्या उपदेशामुळे करत नाहीत. उधारी वर्ष ओलांडून गेली की ती कुणाची, किती आणि कशाची, याचा घोळ सुरू होतो, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. घरांनी हेच करावं. ज्या आठवड्यात घरात सगळ्यात जास्त पैसा येतो तो आठवडा निवडा: उसाच्या घराला बिलानंतरचा, द्राक्षवाल्यांना माल गेल्यावरचा, गलाईवाल्यांना माणूस गावी आल्यावरचा. त्या दिवशी किराण्यापासून सावकारापर्यंत सगळी देणी एका कागदावर, प्रत्येकापुढे व्याजाचा दर. सगळ्यात चढा दर आधी शून्य करायचा, माणूस कितीही गोड बोलणारा असो. आणि उरलेल्या पैशातून पुढचा जून बांधायचा, मग बाकीचं.

लगेच दुसरा आक्षेप: पैसेच पुरत नाहीत तर शून्य कुठून करणार? अनेक घरांत पुरेसं सोनं कपाटात असतं आणि शेकडा पाचाचं कर्ज डोक्यावर असतं. पन्नास हजार दहा महिन्यांसाठी शेकडा पाचाने घेतले तर व्याज २५,०००. तेच सोनेतारणावर, बारा टक्के दर धरला तरी, ५,०००. वीस हजारांचा हा फरक आपण लाजेपोटी देतो, कारण बँकेच्या काउंटरवर पाटल्या ठेवताना गाव बघतं आणि सावकार अंधार पडल्यावर घरी येतो. 'सोनं अडीअडचणीला असतं' असं म्हणाल, तर शेकडा पाच हीच ती अडचण. पण माण, जत, आटपाडीच्या कोरडवाहू घरात सोनंही नाही आणि बिलही नाही. तिथं तारखा जुळवून पोट भरत नाही, मिळकत वाढावी लागते. त्या घरांसाठी माझा उपाय अपुरा आहे.

त्याच माण तालुक्यातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका निरक्षर, अंगठे उठवणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका लिहा-वाचायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, आणि तुमच्या साहेबांनाही तसंच करायला सांगा, असं त्यांनी बजावलं. १९९७ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. व्याजाचं गणित बायकांना येतं का, ही शंका तिथंच मिटली. तरी अजून कित्येक घरांत सोसायटीचा उतारा नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात आणि बचत गटाचं पासबुक बायकोच्या डब्यात असतं. शून्याच्या दिवशी दोन्ही एकाच सतरंजीवर यायला हवेत. (टाळ्या. पुरुषांकडून कमी आल्या, नोंद घेतली आहे.)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, म्हणून उरलेलं धावत सांगते. फायनान्सचे गट: २०२२पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम चांगला, पण महिन्याची सरासरी काढून लावला जातो, आणि आपण मघाशी पाहिलं की सरासरीचे ७,५०० कुठल्याच महिन्यात येत नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सही करताना सरासरी विसरा, ऑगस्टमध्ये घरात काय येतं ते आठवा. कर्जमाफी: मी तिच्या विरोधात नाही, तेव्हा चिठ्ठ्या पाठवू नका. २००८, २०१७, २०१९, तिन्ही वेळा माफ झालं ते बँकांचं आणि सोसायट्यांचं कर्ज. शेकडा पाचवाला कुठल्याही यादीत नव्हता. म्हणून माफीची वाट पाहायची असेल तर बँकेपुरती पाहा, शेकडा पाचवाल्याला आधी मोकळं करा. जामीनकीवर अर्धा तास बोलायचं होतं, ते राहिलं. एवढंच करा, की ज्याला जामीन आहात त्याची बाकी तुमच्याही कागदावर लिहा, खाली वेगळ्या शाईने.

प्रश्नांना दहा मिनिटं आहेत म्हणतात. साठ टनवाल्यांचा प्रश्न आधी घेऊ.