यंत्राचा हात आणि त्याचा ठाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुलीचा हात कोठवर उचलला गेला, हें पाहण्यासाठीं सूत्रधाराला वाकावें लागत नाहीं. दोरीचा ताण बोटाला लागतो आणि त्यावरूनच त्याला सारें उमगतें. दोरी कोठें अडली, तर बोट आपोआप थांबतें. त्याच बाहुलीच्या खांद्याला दोरीऐवजीं विजेची मोटर जोडली, कीं हें बोट नाहींसें होतें. मोटरीला जोर आहे, जाणीव नाहीं.

स्वित्झर्लंडच्या जुन्या घड्याळजींना ही अडचण भासली नाहीं. पियेर जाके-द्रो व त्याचे सहकारी यांनीं १७६८ ते १७७४ या काळांत घडविलेला लेखनिक मुलगा आजही नशातेल येथील संग्रहालयांत आहे. त्याच्या अंगांत उंचसखल कडांच्या चकत्यांची चळत फिरते आणि कडेवर टेकलेल्या दांड्या त्याचा हात हलवितात. चकतीची कड हीच हाताला आज्ञा आणि तीच त्याची जागा. त्यामुळें हात चुकायला वावच नव्हता. मात्र नवी हालचाल हवी असेल, तर धातूची नवी चकती कापण्यावांचून गत्यंतर नसे.

गणेशोत्सवांतील हलत्या देखाव्यासाठीं इतका खटाटोप कोण करणार? आतां बोटाच्या दोन पेरांएवढा मायक्रोकंट्रोलर हें काम पत्करतो. २००५ सालीं इटलींतील इव्रेया येथें विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या आर्डुइनो बोर्डामुळें तो हौशी कारागिरांच्याही हातीं आला. हालचाल बदलायची, तर चार ओळी बदलाव्या. परंतु हात कोठें आहे, हें त्याला कोणीतरी सांगावें लागतें; आणि नेमका येथेंच बहुतेकांचा आळस नडतो.

समजा, एका देखाव्यांत भीमाची गदा बकासुरावर उगारली जाते. मोटर ३ सेकंद वर आणि ३ सेकंद खालीं चालवावी, हा सर्वांत सोपा मार्ग आणि सर्वांत फसवा. वर जातांना गदेचें वजन मोटरीला जड होतें. उतरतांना तेंच तिला साह्य करतें. तितक्याच वेळांत हात वर थोडा कमी चढतो, खालीं थोडा अधिक येतो. फेरीमागें अर्धा अंश फरक पडला आणि मिनिटाला एक फेरी झाली, तरी तासाभरांत हात ३० अंश घसरतो. सायंकाळीं राक्षसाच्या मस्तकावर उगारलेली गदा रात्रीं त्याच्या पोटांत रुतते, आणि मोटर तशीच रेटत राहिली, तर गिअरचे दांते झडतात.

यावरचा उपाय जुन्या रेडिओंत सांपडतो. आवाज लहानमोठा करण्याच्या गोल बटणामागें असतो तो पोटेन्शिओमीटर. कार्बनच्या वाटोळ्या पट्टीच्या दोन टोकांना ५ व्होल्टचा दाब दिला, कीं पट्टीवरून सरकणाऱ्या स्पर्शकावर त्याच्या जागेनुसार दाब मिळतो. आर्डुइनो ऊनो हा दाब ० ते १०२३ या आंकड्यांत वाचतो. बटण सुमारें २७० अंश फिरतें, म्हणजे एक आंकडा साधारण पाव अंशाचा झाला. भीमाला एवढी अचूकता पुरेशी आहे. मात्र रेडिओंतला भाग काढून बसविण्याचा मोह टाळावा. कानाच्या सोयीसाठीं त्यांतील पट्टी पुष्कळदां असमान प्रमाणाची असते. येथें सम प्रमाणाची, दुकानदार जिला लिनिअर म्हणतात तीच हवी.

तो बसवावा मोटरीवर नव्हे, भीमाच्या खांद्याच्या आंसावर. मधला स्क्रू ढिला झाला, तर मोटर फिरते आणि हात जागचा हलत नाहीं; मोटरीला विचारून हें कसें कळणार? मग कार्यक्रमाचा क्रम साधा आहे: आंकडा वाचावा, हव्या आंकड्याशीं ताडावा, अंतर कमी होईल तसा वेग उतरवावा. दोन-तीन आंकड्यांची सूट ठेवावी, नाहींतर भीम थंडी भरल्यासारखा कांपतो.

तार तुटली तर? हाताचा प्रवास १०० ते ९०० या आंकड्यांतच बसवावा आणि स्पर्शकाची तार मोठ्या रोधानें शून्य टोकाशीं बांधावी. मग तुटलेल्या तारेचा आंकडा एका टोकाला जातो आणि तो दिसतांच मोटर बंद करतां येते. वीज देऊनही अर्धा सेकंद आंकडा हलला नाहीं, तरीही ती थांबलीच पाहिजे. कठड्याखालून एखाद्या मुलाचा हात आंत जाणें अशक्य नव्हे. मात्र एवढ्यावर भिस्त न ठेवतां, सर्व वीज तोडणारें बटण माणसाच्या हाताशीं असावेंच.

बकासुराच्या अन्नाचा गाडा निराळा. त्याचीं चाकें फिरतच राहतात. तेथें पोटेन्शिओमीटर मोडेल. मोटरगाडीची काच पुसणारी १२ व्होल्टची मोटर अशा कामीं उत्तम. बटण बंद केल्यावरही वायपर खालीं येऊनच विसांवतो, कारण तिच्या गिअरजवळ जागा ओळखणारा संपर्क असतो. फेरीला एकदां एवढीच खूण पुरत नसेल, तर खांचा पाडलेली चकती आंसावर बसवून दोन प्रकाशनेत्रांनीं खांचा मोजाव्या. कोणत्या नेत्रापुढें खांच आधीं आली, यावरून दिशा कळते. या मोजणीचा दोष एकच: वीज गेली, कीं मोजलेलें सारें विसरलें.

म्हणून रोज सायंकाळीं, पडदा सरण्याआधीं, गाडा हळूहळू मागें येतो, ठेप्याजवळची कळ टक्‌कन वाजते आणि गणती शून्यापासून लागते. मग शंख वाजतो आणि भीम गाड्यावर बसून निघतो.